धुक्यातली एकच हाक

मैत्रिणींनो, सकाळपासून माझा संतापही शमत नाही आणि थरकापही.

आज आम्ही सगळे हुरडा खायला निघालो होतो. गोदावरीकाठी दाट धुकं होतं. सून टांग्यात डबे चढवत होती, आणि नात कुसुम दिसेना. मी तीन हाका मारल्या, तेव्हा कुठे ती आली.

"पहिल्याच हाकेला ओ द्यायला काय झालं होतं?"

"आई म्हणते, एका हाकेला ओ देऊ नये. माणूस असलं तर पुन्हा हाक मारतं."

"मी कॉन्व्हेंटात शिकले, आणि माझ्याच घरात हे खूळ!" मी सुनेवर कडाडले.

कुसुम म्हणाली, "पण आजी, आधी तू पाण्याकडून एकदाच बोलावलंस ना? म्हणून मी गेले नाही."

मी टांग्यापासून हललेही नव्हते.

सुनेला मूर्ख ठरवायला मी तयार आहे. पण माझ्या आवाजात पोरीला पाण्याकडे कोणी बोलावलं, ते आधी सांगा.