शेजारी बसणारी गौरम्मा

मेंदू कोणताही चेहरा एकटा पाहत नाही. तो शेजारच्या चेहऱ्याशी ताडून पाहतो आणि पापणी लवण्याच्या आत देखणा की कुरूप हे ठरवून मोकळा होतो, असे आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात आरतीताईंनी वाचून दाखविले. धर्माबादच्या आमच्या गल्लीला ही गोष्ट वर्गावाचूनच ठाऊक होती. माझी शेजारीण गौरम्मा हिचे आयुष्य त्याच गोष्टीत गेले, म्हणून मी तिच्याविषयी लिहीत आहे.

लहानपणी हळद शिजविण्याच्या कढईतील उकळते पाणी अंगावर येऊन तिचा उजवा गाल भाजला. कातडी आखडली व डोळा खाली ओढला गेला. पुढे नवरा लवकर वारला. मिरचीचे देठ खुडून तिने सुकन्या ही एकुलती मुलगी वाढविली.

गल्लीत मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की गौरम्माला निरोप जात असे. तिला मुलीला अगदी लागून बसवीत.

"गौरम्मा, उद्या ये गं. तू बसलीस की आमची पोरगी चांदणी दिसती."

"चांदणीला अंधार लागतोच की," असे म्हणून ती हसत असे आणि जात असे.

मग सुकन्येला पाहण्यासाठी कंधारचे पाहुणे येणार असे ठरले. आदल्या दिवशी मुलगी आईला म्हणाली, "उद्या तू साखरामावशीकडं जाऊन बस."

"का गं?"

"त्यांना वाटंल, मी बी पुढं अशीच होनार."

"अगं, हे भाजल्यालं हाय. रक्तातलं न्हाई."

"बघनाऱ्याला कोन सांगत बसतंय?"

साखरामावशी म्हणजे मीच; गौरम्मा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मधली भिंत पातळ असल्यामुळे पलीकडचे सर्व ऐकू येत होते. तिचा दीर भुजंग याने आपली बायको दीपमाला हिला मुलीची आई म्हणून बसविले होते. दीपमाला फार देखणी. पाहुण्यांतील एक बाई म्हणाली, "माय लई देखनी हाय. पोरगी बापावर गेली जनू." पोहे संपण्यापूर्वीच पाहुणे उठले.

सायंकाळी भुजंग म्हणाला, "चुकलंच आपलं. वहिनीलाच बसवायला पायजे होतं."

गौरम्माचा चेहरा उजळला. मी तो पाहिला आहे. आता मुलगी आपल्याला जवळ बसविणार, एवढेच तिला कळले.

बिलोलीचे पाहुणे आले, तेव्हा सुकन्येने आईला विटके लुगडे नेसविले. "तू चहा आन आन् माझ्याजवळच बसून ऱ्हा. कामवाली म्हनून. बोलू नको." भुजंगाने पाहुण्यांना सांगितले की मुलीची आई वारली आहे. गौरम्मा कपबशा धरून ते ऐकत होती. मृत्युंजय नावाच्या त्या मुलाने सुकन्येकडे पाहिले, गौरम्माकडे पाहिले, व पुन्हा सुकन्येकडे पाहिले. तेथेच लग्न ठरले.

लग्नात कन्यादान भुजंग व दीपमाला यांनी केले. गौरम्मा पाण्याचा जग घेऊन फिरत होती. फोटोच्या वेळी ती सवयीने नवरीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मृत्युंजयची आई ओरडली, "अगं बया, ही तुमची कामवाली फोटोत कशाला? काढा तिला!"

गौरम्मा हलली नाही. ती मुलीकडे पाहत राहिली.

सुकन्येने पदर सारखा केला. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही तिकडं जाऊन जेवून घ्या."

गौरम्मा गेली. वाढप्यांनी तिला सर्व पंगती उठल्यावर बसविले.