जानोशाचं दार

उकंडराव मोतीराम, वय अंदाजे पन्नास, राहणार सुलतानपूरच्या अलीकडे कोसभर, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. धंदा सुतारकाम व पत्रे बसवणे. शिक्षण मराठी दुसरी. वर्तणूक चांगली. चेहऱ्यावर नोंद घेण्यासारखे काही नाही.

चौसष्ट सालच्या वैशाखात सदर इसमाच्या मुलीचं, कोकिळेचं, लग्न होतं. जानेफळचं वऱ्हाड गावाबाहेरच्या शाळेत उतरलेलं, तोच जानोसा. त्या शाळेचं छप्पर उकंडरावांनीच बसवलं होतं. पत्रे आवळायला लोखंडी आकडे लागतात. सरकारातून आलेले आकडे निम्म्या पत्र्यांना पुरले. उरलेल्यांवर त्यांनी दगड ठेवले, सगळा मुलूख ठेवतो तसे. दगड जड असतो, एवढीच त्यामागची विद्या.

दुपारी चारला पश्चिमेकडे आभाळ काळंजांभळं झालं. वीज कडाडली आणि धुळीची भिंत गावावर चालून आली. मांडवाच्या बल्ल्या मुळासकट उपटल्या, एक बल्ली बैलाच्या बरगडीत घुसली. मुलीचा बाप मुलीला तिच्या आईजवळ सोडून शाळेकडे पळत सुटला. बायकांनी त्याची नोंद घेतली.

शाळेला दार एकच, नेमकं पश्चिमेला, आणि ते सताड उघडं. मागच्या खिडक्या धुळीपायी लावून घेतलेल्या. आत चाळीस माणसं. दारात खुर्ची टाकून वरबाप गुलाबराव बसलेले.

"इवाईबुवा, दार लावा! वारा आत कोंडला का छप्पर खालून उचलते!" उकंडराव ओरडले.

"मुलीचा बाप वऱ्हाडाच्या तोंडावर दार लावून राह्यला," गुलाबराव आत वळून म्हणाले. "पाहा हो, पाहा! आमी काय ढोरं हावो, कोंडाले?"

"पाया पडतो. वर नुसते दगड हायेत."

"छप्पर कोनं बसवलं?"

"म्याच."

"मंग काऊन भेता? सोताच्या कामाचा भरोसा नाई, अन् पोरगी आमाले देऊन राह्यले!"

आत हशा पिकला. उकंडरावांच्या आयुष्यात मोठ्या माणसाच्या अंगाला हात लावायचा प्रसंग तोवर आला नव्हता. त्यांनी गुलाबरावांना खुर्चीसकट आत लोटलं आणि आत शिरून दाराला खांदा दिला. दार बोटभर उरलं होतं. गुलाबराव उठले, पागोटं सावरलं, आणि चाळीस जणांदेखत झालेला अपमान चाळीस जणांदेखतच फेडायचा म्हणून त्यांनी दार दोन्ही हातांनी मागं ओढलं.

वारा आत आला आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. खोली फुगल्यासारखी झाली, कानांना दडे बसले. मग डोक्यावरचे पत्रे एकदम वर उठले. क्षणभर सगळ्यांना आभाळ दिसलं. आकड्यांचे पत्रे वाशांसकट गेले, दगडांचे नुसतेच गेले. दगड मात्र जड असल्यामुळे खाली आले.

माणसं बाकांखाली घुसली. कोणाचं डोकं फुटलं, कोणाचा हात मोडला. एक पत्रा गरगरत मागच्या शेतात उभा रुतला. उकंडराव दाराच्या चौकटीत होते, म्हणून वाचले. वाऱ्यानं मागं लोटलेले गुलाबराव खोलीच्या मधोमध होते.

पाऊस दहा मिनिटं पडला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. त्यात लिहिलं आहे: 'नैसर्गिक वादळी वाऱ्यामुळे शासकीय इमारतीचे छत स्थानभ्रष्ट झाले असून काही इसम जखमी आहेत. मनुष्यहानी निरंक. लग्नकार्य सोयीनुसार उरकून घेण्यास हरकत नाही.'

गुलाबराव तिसऱ्या दिवशी वारले. कोकिळेचं लग्न त्या घरी झालं नाही.