चकचकीत कढई

केनवडला आमचा बायकांचा बचत गट आहे. आम्ही सोयाबीन भाजून त्याचं पीठ विकतो. भट्टी लाकडावरची, कढई स्टीलची. आच मोजायला प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी एक इन्फ्रारेड थर्मामीटर दिला. दिसायला पिस्तूलच. घोडा दाबला की लेझरचा लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. कढईच्या बाहेरच्या अंगावर, कडीच्या खाली नेम धरायचा. आकडा दोनशेवर गेला की सोयाबीन टाकायचं. न शिवता ताप सांगणाऱ्या त्या वस्तूवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

सुरुवातीला ठीक चाललं. मग घाणे जळायला लागले. पीठ कडू झालं, वाशीमच्या दुकानदाराने पुडे परत पाठवले. भट्टीवर बाई एकच, आणि जळका माल तिने म्हशीसाठी न्यायचा हे आम्हीच ठरवलेलं. साहजिकच संशय तिच्यावर गेला. "तिच्या म्हशीले आता भाजकंच लागते वाटते," असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण मलाही तेच वाटत होतं. तिला भट्टीवरून काढायचं, असं बैठकीआधीच ठरल्यासारखं होतं. तिचं घर त्याच मजुरीवर चालायचं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी न सांगता भट्टीवर जाऊन बसले. ती काय समजायचं ते समजली.

"पाहून घ्या ताई. मी आकडा पाहूनच टाकतो."

तिने नेम बरोबर धरला. आकडा एकशे दहा. तिने आणखी लाकूड सारलं. मला कढईची धग तोंडावर लागत होती, म्हणून मी तव्यावर शिंपडतो तसं पाणी शिंपडलं. थेंब गोळी होऊन नाचत सुटले. एकशे दहाला असं होत नाही. मी ठिपका जरासा सरकवून कडीच्या बेचक्यात धरला, जिथे घासणारीचा हात पोचत नाही आणि काजळी राहते. आकडा अडीचशेच्या वर.

तेव्हा लक्षात आलं. मागे पाहुणे भट्टी बघायला येणार म्हणून आम्ही कढई बाहेरून राखेने घासली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाळीने घासत होतो, आरशासारखी. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, चकचकीत धातू इन्फ्रारेड किरण फार कमी सोडतो, म्हणून आकडा कमी येतो. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, असंही ते म्हणाले. आमच्यापैकी एकीलाही ते आठवत नाही. त्यांनी सांगितलं असेल, असं मला अजून वाटत नाही.

बैठकीत मी सगळ्यांना भट्टीपाशी नेलं आणि दोन्ही आकडे दाखवले.

"मंग माह्या म्हशीची माफी कोन मागते?" तिने विचारलं.

भट्टी तिच्याकडेच राहिली. कडीखाली तळहाताएवढी काजळी आता तशीच ठेवायची, असं ठरलं. पण काळं भांडं बघितलं की हात शिवशिवणाऱ्या बायका गटात आहेत, आणि त्या कोण हे मला माहीत आहे. म्हणून कढई घासून झाली की रोज मी स्वतः जाऊन तो डाग बघते.