हातभर गलबत

मेहकरला मी हॉटेलात कामाला होतो. समोरच्या ओट्यावर एक काका सागवानाच्या बारीक पट्ट्यांचं, जुन्या काळच्या शिडाच्या जहाजासारखं हातभर गलबत बांधत बसायचे. सातवीत शाळा सोडून कोकणातून आलेल्या मला तेवढीच जागा घरासारखी वाटायची.

पट्टी गरम पाण्यातून काढून ते कानाशी धरत आणि तिची कुरकुर ऐकत हळूहळू वाकवत. एकदा त्यांनी ती माझ्या हाती दिली आणि वाकवताना ती माझ्याकडून कटकन मोडली. आता हे मला ओट्यावर बसू देणार नाहीत, या भीतीने मी चपला शोधू लागलो.

त्यांनी मोडलेलं टोक बोटाने चाचपलं. "आतून कोरडीच राह्यली. म्याच लवकर काढली. तू कुठं चालला बे? दुसरी टाकली पाण्यात, तुलेच वाकवा लागते."

माझ्या हातून मोडलेल्या वस्तूची चूक स्वतःवर घेणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.