कपाटात कोंडलेली पुस्तकं

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. गावातल्या दोघांनी दम दिला म्हणून वाचनालयातली देवाधर्मावर प्रश्न करणारी पुस्तकं मी, ग्रंथपालानंच, कपाटात कोंडली. निवडणुकीत मात्र ‘त्या उमेदवार बाईनंच काढायला लावली’ असं आमच्या जवळा बाजार गावभर पसरलं, आणि मी गप्प राहिलो.

मतदानाआधी बाई वाचनालयात आल्या. “काहून ताई, आता पेपर बी बंद करता काय?” एका वाचकानं टोमणा मारला.

“तुमी चित्रं सोडून वाचायला लागलात की करते,” त्या हसल्या. मग कपाटाच्या कुलपाकडं, माझ्या कमरेच्या किल्लीकडं पाहून हळूच म्हणाल्या, “भाऊ, वाळवी लागंल. पुस्तकांना ऊन दाखवत जा.”

सगळं ओळखूनही त्यांनी माझं नाव कुठंच घेतलं नाही. त्या हरल्या. एवढं मोठं मन माणसाला असतं, याचं नवल अजून ओसरलेलं नाही. खरं काय ते भर बाजारात सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.