आवाजामागे फुजैराला

माझ्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. हार्नेस घातलेला असताना त्याला परक्या माणसाने नावाने हाक मारायची नसते, आणि हे लिहिताना तो हार्नेससकट माझ्या टेबलाखाली बसला आहे. जातीने लॅब्राडोर, मला वाट दाखवायचं शिक्षण घेतलेला. रंग कढवलेल्या तुपाचा, असं माझा नवरा सांगतो. मी तो रंग पाहिलेला नाही. कुत्रा माझ्याकडे आला तेव्हा माझ्या डोळ्यांत उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं, आणि वर्षभरात तेही मावळलं.

मी मूळची वसईची. लग्न झाल्यावर दुबईला आले, इंटरनॅशनल सिटीतल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये संसार मांडला आणि एका शिपिंग एजन्सीत नोकरीला लागले. फुजैराच्या समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांना तेल, पाणी, भाजीपाला, बदलीचे खलाशी पोचवायचं काम आमची कंपनी करते. मी दुबईच्या ऑफिसात फोनवर असते. एका कानात कॉम्प्युटर स्क्रीनवरची अक्षरं वाचून दाखवत असतो, म्हणून फोन कायम स्पीकरवर ठेवते. कुत्रा पायाशी. हनुवटी माझ्या चपलेवर.

फोनच्या पलीकडे फुजैरात एक गृहस्थ असत. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. सगळं ऑफिस त्यांना भाई म्हणायचं, मीही म्हणायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला 'मॅडम' सोडून 'बाय' म्हणायला सुरुवात केली. नऊ वर्षं रोज सहा-सात फोन व्हायचे, पण आमची भेट कधी झाली नव्हती. कुठला कप्तान कशावरून बिथरतो, वारा फिरला की कुठला बोटवाला फोन उचलत नाही, कुणाला कोथिंबीर ताजीच लागते, हे सगळं भाईंच्या डोक्यात. कागदावर काही नाही. ते रिटायर होऊन गावी जायचे ठरले तेव्हा साहेबांनी मला बोलावून सांगितलं, दोन दिवस फुजैराला जा आणि त्यांच्या डोक्यातलं निघेल तेवढं काढून आण.

मी भाईंना फोन केला. दिवस ठरले. मग मी म्हटलं, माझ्याबरोबर कुत्रा असेल. 

"बाय, राग मानू नको," ते म्हणाले. "तू ये. पण कुत्र्याची ओल आमच्यात चालत नाही. मी ऑफिसातच नमाज पढतो."

यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना शब्द दिला की तो तुमच्याजवळ येणारच नाही. कामावर असताना तो कुणाकडे मान वळवून बघत नाही. मॉलमध्ये पोरं बर्गर नाकापुढे धरतात तरी ढळत नाही. हे सांगताना मला बराच अभिमान वाटत होता.

निघायच्या सकाळी मी त्याचं खाणं, वाडगा, टॉवेल पिशवीत भरत होते आणि तो माझ्याभोवती गोल गोल फिरत होता. माझी मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, ही थिंक्स इट्स अ हॉलिडे." मी तिला म्हटलं, अगं, ऑफिसचं काम आहे. तिचं उत्तर आलं, "ही डझन्ट नो दॅट." शाळेची बस आली म्हणून ती गेली. मी मात्र गाडीत बसेपर्यंत त्या वाक्यापाशीच होते. खरंच, या प्रवासाबद्दल त्याला काय ठाऊक होतं?

कंपनीचा ड्रायव्हर पेशावरकडचा, मितभाषी. कुत्रा माझ्या पायांच्या जागेत वेटोळं करून बसला. एरवी त्याच्या मनातलं मला हार्नेसच्या हँडलमधून कळतं. मांजर दिसलं की हँडलला बारीकशी शिरशिरी येते, फूटपाथ संपला की हँडल थांबतं, दमला की जरासं जड होतं. गाडीत हँडल हातात नसतं. मग तो कुठे असतो, मला कळत नाही.

जानेवारीचे दिवस होते, बाहेर धुकं आहे असं ड्रायव्हरने सांगितलं. शहर संपल्यावर टायरचा आवाज मोकळा झाला, मग डोंगर आले तसा तो दोन्ही बाजूंनी जवळ आला. बोगद्यात गाडी शिरली की जग एकदम बंद डब्यात ठेवल्यासारखं होई, कानांत दडे बसत, आणि दर वेळी कुत्रा मान वर करून माझ्या गुडघ्याला नाक लावी. बाहेर पडलो की परत खाली. मला गुंगी आली. अर्धवट झोपेत वाटलं की आम्ही तिघं कुठे जातच नाही आहोत, डोंगरच आमच्या अंगावरून सावकाश मागे सरकतायत. मग हवा बदलली. एसीतूनही खारा, ओलसर वास आला आणि कुत्रा उठून बसला. वसईला घराच्या मागच्या दारातून जसा यायचा तसाच काहीसा तो वास होता, फक्त त्यात डिझेल होतं. आम्ही फुजैरात पोचलो होतो.

भाईंचं ऑफिस एका गोदामाच्या वर होतं. जिन्यात दोरखंडांचा वास, वर बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा. मी कुत्र्याला जिना दाखवायला सांगितलं, तो एकेक पायरी थांबत मला वर घेऊन आला. सगळं रोजच्यासारखं. तेवढ्यात वरून भाईंचा आवाज आला.

"ये बाय, सांभाळून, दाराला उंबरा आहे."

हँडल थरथरलं. कुत्रा जागच्या जागी थांबला. मी 'फॉरवर्ड' म्हटलं, तो हलला नाही. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आधी वाटलं पुढे काही खड्डाबिड्डा आहे, आणि मी पायाने चाचपलं, पण जमीन सपाट होती. मग तो एकाएकी पुढे निघाला, मला जवळजवळ ओढतच, सरळ त्या आवाजाच्या दिशेने, आणि तिथे जाऊन बसला. त्याची शेपूट कुठल्याशा लोखंडी कपाटावर आपटत होती. खोलीत तेवढाच आवाज.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला मागे ओढला, रागावले, भाईंची माफी मागितली. भाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून म्हणाले की राहू दे, बस. ते बोलले तसा कुत्रा अख्खाच्या अख्खा वळला. पुन्हा शेपूट.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"भाई," मी म्हटलं, "तो तुम्हाला ओळखतो. चार वर्षं टेबलाखाली बसून तुमचा आवाज ऐकतोय."

 मी उभीच होते. फोनच्या त्या डब्यातून रोज येणाऱ्या आवाजाला हात असतात, पाय असतात, अत्तराचा आणि चहाचा वास असतो, हे त्याला आत्ता कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही आत्ताच कळत होतं. नऊ वर्षं भाई माझ्या लेखी उंच, धिप्पाड माणूस होते. आता आवाज माझ्या खांद्याच्या उंचीवरून येत होता.

"आमच्या घरचेसुद्धा फोनवर मला पटकन ओळखत नाहीत," भाई म्हणाले. मग त्यांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

त्यांनी खोलीच्या मधोमध एक चटई टाकली आणि सांगितलं, कुत्रा चटईच्या पलीकडे राहू दे. तो राहिला. चटईच्या अगदी काठावर नाक ठेवून तो दिवसभर पडून होता, हे मला हात लावून कळत होतं. भाई बोलत होते, मी टिपून घेत होते. काम असं राहिलंच नाही नंतर. ते एका जहाजातून दुसऱ्यात जात, मधेच एखादा वारलेला बोटवाला येई, त्याचा मुलगा आता काय करतो ते येई, एका कप्तानाने लेकीच्या लग्नाचा लाडू समुद्रातून कसा पाठवला होता ते येई. मी विचारायचे, हे लिहू का? ते म्हणायचे, नको, हे असंच. नमाजाच्या वेळी मी कुत्र्याला घेऊन जिन्यात जाऊन बसायचे. आतून पुटपुटल्यासारखा त्यांचा आवाज येई आणि कुत्र्याचे कान माझ्या तळहाताखाली ताठ होत.

दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत यादी संपली. भाई म्हणाले, खलास, आता डोक्यात काही उरलं नाही, चल तुला जहाजं दाखवतो. 'दाखवतो' म्हणाले आणि एकदम थांबले. मी म्हटलं, दाखवा ना.

ड्रायव्हरने आम्हाला गावाबाहेरच्या किनाऱ्यावर नेलं. वाळूवर माणसांची चाहूल नव्हती. भाई माझ्या डाव्या बाजूला, थोडे लांब उभे राहिले आणि सांगू लागले की घड्याळाच्या दहाच्या दिशेला तीन मोठी जहाजं आहेत, एकामागे एक, बाराच्या दिशेला कुणी नाही, एकच्या दिशेला इतकी आहेत की मोजता येत नाहीत. ती हलत नाहीत, नुसती तोंडं एका बाजूला करून उभी आहेत, वारा सांगेल तशी. ज्या जहाजांना मी नऊ वर्षं पाणी पाठवलं ती अशी समोर उभी होती. माझ्यापर्यंत त्यांचं काहीच येत नव्हतं, आवाज नाही, वास नाही. तरी वाटलं, आहेत.

मी खाली बसले आणि कुत्र्याचा हार्नेस उतरवला. लांब दोरी लावली आणि त्याला मोकळीक दिली. दोरी माझ्या बोटांतून सरसर गेली, मग थांबली, मग सैल पडली. हार्नेस उतरला की तो माझा राहत नाही. कुठलातरी कुत्रा होतो, आणि तो कुठला, ते मला कधीच कळलेलं नाही. घरचे सांगतात 'खेळतोय', बस.

"भाई, काय करतोय तो?"

 भाई जहाजांसारखंच नीट सांगू लागले. "उभा आहे. पाणी पायाला लागलं, मागे आला. आता लाट परत गेली तिच्या मागे जातोय. बाय, तो लाटेला हुंगतोय. अख्खी लाट हुंगतोय. आता पुढचे पाय पाण्यात, मागचे वाळूत. तोंड वर केलंय." मग म्हणाले, "तुझ्याकडे बघतोय. पाण्याकडे बघतो, परत तुझ्याकडे बघतो."

 इतकी वर्षं त्याने मला सगळं दाखवलं, पण तो स्वतः कसा दिसतो हे असं ओळीने मला कुणी सांगितलं नव्हतं. भाई सांगत राहिले. बगळ्यासारखा कुठलासा पक्षी आला, कुत्रा बसून राहिला, पक्षी गेला. एक काठी सापडली, ती नको झाली. त्यांचा आवाज वाऱ्यात येत-जात होता आणि कुत्र्यालाही बहुतेक तो ऐकू येत असावा, कारण एकदम दोरी सैल झाली, वाळूवर धाव ऐकू आली, आणि आमच्या दोघांच्या मधोमध येऊन त्याने अंग झाडलं. नखशिखांत. मी भिजले. भाईही भिजले.

मी दोरी आवळली आणि माफी मागू लागले. आधी शब्द दिला होता, तो दोनदा मोडला.

"अगं थांब," भाई म्हणाले. "कपडे घरी जाऊन बदलीन. हातपाय इथेच धुतो."

किनाऱ्याजवळ एक नळ होता. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून झाडाच्या बुंध्यातली मूठभर माती आणायला सांगितली, वाळू नको म्हणाले. मला समजावून सांगितलं की त्यांच्यात कुत्र्याची ओल लागली की ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. मी आणि कुत्रा लांब उभे राहिलो. पाणी सुरू व्हायचं, थांबायचं. ते दर वेळी हळूच आकडा म्हणत होते, घाई नव्हती. मी त्यांच्याबरोबर मोजत होते. मला लाजही वाटत होती आणि त्याच वेळी एक विलक्षण शांतपणा, आपण कुणाच्या घरातलं आतलं दार नकळत उघडून उभं राहावं तसा. चौथ्या खेपेला मी पुन्हा सॉरी म्हटलं.

"धुवायला सांगितलंय, बाय," पाण्याच्या आवाजातून ते म्हणाले. "राग धरायला नाही."

सात झाले. नळ बंद झाला. भाईंनी घड्याळ पाहिलं असावं, कारण म्हणाले, नमाजाला अजून वेळ आहे, यल्ला, निघू या.

त्यांना घरापाशी सोडलं. उतरताना ते माझ्याशी बोलले, गावी आलीस तर ये, इन्शाल्ला, म्हणाले. मग क्षणभर गाडीचं दार उघडंच राहिलं. कुत्र्याला त्यांनी काही म्हटलं नाही, हातही लावला नाही. पण दार त्यांनी अगदी सावकाश, आवाज न करता लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

भाई मार्चमध्ये गावी गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस सगळं कॉम्प्युटरवर टाकतो, फोन क्वचित करतो. आता दोन-तीन महिन्यांनी मला फुजैराला जावं लागतं. काम संपलं की मी ड्रायव्हरला त्या किनाऱ्यावर थांबायला सांगते, हार्नेस उतरवते आणि विचारते, काय करतोय? तो पेशावरचा माणूस बोलायला कंजूष. "पानी में है, मॅडम," एवढंच सांगतो. मी पुढचं विचारत नाही. दोरी हातात धरून उभी राहते, आणि ती जिकडे सरकेल तिकडे तोंड करते.