लिंबाजीचं विसरणं

हे मी कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपलेलं नव्हतं. आता तुमच्याजवळ बोलतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते होत नाही, हे कळून चुकलंय. टाळण्याचाच आता कंटाळा आला, एवढंच समजा.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सेलूजवळ फौजेच्या घोडेस्वारांचं एक लहान ठाणं होतं आणि तिथल्या सामानाच्या कोठीचा मी मुकादम. खोगिरं, लगाम, तंबू, रसदीच्या गाड्या — कुठली वस्तू कुणी सांभाळायची, मोडली तर कुणी दुरुस्त करायची, हे ठरवणं माझं काम. ते आम्ही आमच्या पद्धतीनं करायचो. खंडेनवमीला सगळं सामान अंगणात मांडून पूजा व्हायची, आणि ज्या कारागिराच्या हातून ज्या वस्तूला झेंडूचं फूल बांधलं जाई, ती वस्तू वर्षभर त्याची. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. लोहार, सुतार, चांभार सगळे हे पाळत. जमादारसाहेब हसून म्हणायचे, "तुमारा तरीका तुम जानो, मेरेकू सामान दुरुस्त होना."

कारागीर गावाला गेलेला असला तर त्याच्या वाटणीचं फूल मी बांधायचो. तो परतला की वस्तू त्याच्या हातात देऊन सांगायचं, ही तुझी. तोवर ती माझी — हे लक्षात ठेवा.

एका वर्षी लिंबाजी, आमचा चामड्याचा कारागीर, नातवाच्या बारशाला वालूरला गेला होता. हैदराबादेहून आलेल्या एका नव्या खोगिराला मी फूल बांधलं. लिंबाजी आला. मी सांगितलं का? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मुद्दाम नव्हे — आळस म्हणा. नवंच तर आहे, त्याला काय होतंय, असंही मनात होतं. लिंबाजी आपल्या खोगिरांना एरंडेल चोळायचा आणि या एकाला, दुसऱ्याचं असेल म्हणून, बोटही लावायचा नाही. उन्हाळा लागला. आमच्याकडच्या उन्हात चामडं वाळून कडक होतं.

पेडगावकडे जाताना भरधाव घोड्यावर त्या खोगिराचा तंग तुटला — पोटाखालून आवळायचा पट्टा. रहीम नावाचा तरणा सवार खाली आला आणि रिकिबीत पाय अडकून फरफटत गेला. जगला, पण पाय कायमचा गेला.

जमादारांनी सगळ्यांसमोर विचारलं, ते खोगीर कुणाकडं? आणि मी — "लिंबाजीकडं," म्हणालो. चामड्याची वस्तू, चांभाराचं नाव. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. तुरुंगात घालायचं बोलणं निघालं तेव्हा मीच मध्ये पडलो, म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या म्हणालो. बघा माझी दया.

नोकरी जाईल म्हणून घाबरलो, हे तुम्ही एक वेळ समजून घ्याल. पण सांगायचं आहे ते पुढचं. आपली हत्यारं आवरून लिंबाजी कोठीत आला. आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, भांडायला आलाय. तो म्हणाला, "मुकादम, तुमी मला सांगितलं व्हतं का वो? लय आठवायलोय, पर ध्यानात काईच येईना."

त्याचं काम तर गेलंच होतं. इथं खरं बोललो असतो तर ऐकायला तिसरं कोण होतं? तरी मी म्हणालो, "असं काय करतोस लिंबाजी? वालूरहून आलास त्याच दिवशी सांगितलं. बारशाच्या घुगऱ्या दिल्या होत्यास ना मला?"

घुगऱ्या त्यानं खरंच दिल्या होत्या. त्यामुळं बाकीचंही त्याला पटलं.

"मग माजंच चुकलं," तो म्हणाला. "त्या लेकराचा पाय म्याच घालिवला."

पुढं राज्य गेलं, ठाणंही गेलं. लिंबाजी सेलूच्या बाजारात चपला शिवत बसायचा. कुणी चप्पल दिली की काय करायचं ते पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचा, धोतराच्या सोग्याला गाठी मारून ठेवायचा. पोरं विसरभोळा म्हणून चिडवायची. हळूहळू गिऱ्हाइकं दुसरीकडं जाऊ लागली — याच्याकडं दिलं तर राहून जाईल म्हणून. मी गेलो की मात्र घोंगडं झटकून बसायला द्यायचा आणि शेजारच्याला सांगायचा, मुकादमानं मला तुरुंगातून वाचिवलं. मी बसायचो. ऐकून घ्यायचो. काय माणूस म्हणायचा मी?

शेवटच्या आजारात त्यानं मला बोलावून घेतलं. लेकीनं त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि ती बाहेर गेली. मग माझ्याकडं बघत तो म्हणाला, "मुकादम, कुणाचं काई ऱ्हायलंय का वो माज्याकडं? तुमीच आठवून सांगा. माजा मला भरवसा न्हाई."

सांगावं असं ओठांवर तरी आलं होतं का? नाही. आलं नव्हतं.

"काही राहिलं नाही," म्हणालो. त्याचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसलो, मग घरी येऊन जेवलो.